जाळं घेऊन लढणारा ग्लॅडिएटर, आणि हेल्मेटमधे गुदमरणारा त्याचा शत्रू

परवा एका रीलमधे ग्लॅडिएटर, म्हणजे रोमन आखाड्यात लोकांसमोर लढणारा लढवय्या, दाखवला होता, नेहमीचाच, डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात मढवलेला, आणि खाली कमेंट होती की जास्त चिलखत ज्याच्या अंगावर तो जिंकणार. मला लगेच रेटियारियस आठवला. रोममधे पहिल्या शतकात दिसायला लागलेला हा गडी, डोक्यावर काही नाही, ढाल नाही, अंगावर लंगोट आणि रुंद पट्टा, डाव्या हाताला जाड गुंडाळलेलं कापड आणि डाव्या खांद्यावर कानापर्यंत वर आलेला एक धातूचा पत्रा. हत्यारं म्हणजे जाळं, त्रिशूळ आणि एक खंजीर. थोडक्यात कोळीच.

जाळं गोल, साधारण तीन मीटरचं, कडेला शिशाची वजनं. आपल्याकडे खाडीत पाग टाकताना बघितलं असेल तर तंत्र कळेल. टाकताना गिरकी दिली की कडेची वजनं बाहेर पळतात आणि जाळं हवेत ताटासारखं उघडतं, आणि समोरच्यावर पडलं की मधला भाग अडतो पण वजनं अडत नाहीत, ती पुढे जात राहतात आणि खालून गुंडाळतात. झालं. जितके हातपाय झाडाल तितके अडकाल.

म्हणून त्याच्याविरुद्ध खास वेगळा ग्लॅडिएटर असायचा, सेक्युटर, म्हणजे पाठलाग करणारा. त्याचं हेल्मेट बघा, अंड्यासारखं गुळगुळीत, कड नाही, पिसांचा तुरा नाही, जाळं अडकेल असं काहीही बाहेर आलेलं नाही. आणि डोळ्यांना फक्त दोन छोटी गोल भोकं, त्रिशूळाचं टोक आत जाऊ नये म्हणून. डिझाइन भारीच. पण खरी गंमत इथून पुढे आहे.

समजा भोक 3 सेंमीचं आणि डोळ्यापासून 3 सेंमी लांब. गणित केलं तर जेमतेम 50 अंश दिसतं, एरवी आपल्याला दोन्ही डोळ्यांनी आडवं 180च्या वर दिसतं. म्हणजे समोरचा अनवाणी माणूस दोन पावलं बाजूला सरकला की गायब, आणि स्वतःचे पाय तर दिसणारच नाहीत.

आता श्वास. शांत बसलेलो असताना आपण एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो, त्यातली 150 मिली श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसाच्या कामाची नाही. बंद हेल्मेट घातलं की ही निरुपयोगी जागा वाढते, कारण सोडलेली हवा तोंडासमोरच राहते आणि पुढच्या श्वासात आधी तीच आत येते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्के, उच्छ्वासात सुमारे 4 टक्के, शंभरपट! आणि आपल्याला वाटतं धाप ऑक्सिजन कमी पडला की लागते, तसं नाहीये, मेंदूच्या देठातल्या पेशी बघतात ती रक्ताची आम्लता, CO₂ वाढला की कार्बोनिक आम्ल बनतं, हायड्रोजन आयन वाढतात, की लगेच ऑर्डर सुटते, अजून जोरात श्वास घे. तो घेतो, पण पहिला घोट पुन्हा हेल्मेटमधलाच. त्यात हातात मोठी चौकोनी ढाल आणि वरून ऊन.

म्हणजे सेक्युटरला लवकर संपवायचंय आणि रेटियारियसला नुसतं पळत राहायचंय. उघड्या डोक्याच्या माणसाचं अर्धं चिलखत म्हणजे समोरच्याची धाप. जाळं चुकलं तरी मनगटाला बांधलेल्या दोरीनं ओढून परत घ्यायचं, नाहीतर सोडून दोन्ही हातांनी त्रिशूळ धरायचा.

(जाता जाता: प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की मिरगीचे रोगी ग्लॅडिएटरचं ताजं रक्त प्यायचे. हसू नका, आपल्याकडे अजून फिट आली की नाकाला कांदा नाहीतर चप्पल लावतात. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते, श्रेय मात्र चपलेला.)

एवढं असूनही रोमन लोकांत रेटियारियसला मान कमीच. तोंड उघडं ठेवून लढतो म्हणजे निर्लज्ज, असा सूर रोमन कवी जुवेनालच्या कवितेत आहे, रेटियारियस म्हणून लढलेल्या ग्रॅकस नावाच्या एका खानदानी माणसाला त्यानं यावरूनच धुतलंय. आणि सम्राट क्लॉडियस तर, रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो, पडलेल्या रेटियारियसला मुद्दाम मारायला लावायचा, मरताना चेहरा बघायला मिळतो म्हणून. हेल्मेटवाल्यांचा चेहरा कुठे दिसतो.

आणि जाळं नीट पडलं की काम फत्ते, असंही नाही बरं का. माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक मोझॅइक आहे, दोन चित्रं एकावर एक. खालच्यात कालेंडिओ नावाच्या रेटियारियसनं आस्त्यानाक्स नावाच्या सेक्युटरवर जाळं टाकलंय, अगदी ढालीसकट झाकलाय त्याला. वरच्या चित्रात कालेंडिओ जमिनीवर, जखमी, खंजीर पुढे करून हार मानतोय. आस्त्यानाक्सच्या नावापुढे लिहिलंय ‘जिंकला’. कालेंडिओच्या नावापुढे नुसतं एक गोल आणि त्यावर आडवी काट, म्हणजे मेला.