मिलिनॉकेट

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्याच्या पेनॉबस्कॉट काउंटीतील छोटे गिरणीगाव. बँगॉर शहराच्या उत्तरेस सुमारे ११० किमी.; लोकसंख्या ४,११४ (२०२०). गावाच्या वायव्येस राज्यातील सर्वांत उंच पर्वत कटाडिन (सुमारे १,६०६ मी.) आहे. पेनॉबस्कॉट या मूळ रहिवाशांसाठी हा पर्वत आणि पेनॉबस्कॉट नदी दोन्ही पवित्र आहेत. न्यू इंग्लंडमधील (अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांतील) गिरणीगाव म्हटले की लोवेल, लॉरेन्स अशी कापडाची नावे पुढे येतात. मिलिनॉकेट मात्र कागदाचे गाव. त्यातही ते वाढत वाढत गिरणीपाशी आलेले नाही. आधी गिरणी ठरली, मग तिच्यासाठी गाव उभे राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे स्प्रूस-फरचे जंगल आणि फाउलर कुटुंबाची शेतवाडी, याखेरीज फारसे काही नव्हते. १८९४ मध्ये बँगॉर अँड अरूस्टुक रेल्वेचे रूळ आले. चार्ल्स मलन या अभियंत्याने पेनॉबस्कॉटच्या पश्चिम शाखेचे पाणी वळवून मिलिनॉकेट ओढ्याकडे सोडले तर सुमारे ११० फुटांचा उतार हाती लागतो, हे हेरले. गावाचा जन्म या एका हिशेबातून झाला. कागदाला लागणारे लाकूड नदीच्या वरच्या अंगाला होते, ते वाहून आणायला नदी होती, ते दळायला उताराचे पाणी होते आणि तयार माल न्यायला रेल्वे होती. गॅरेट शेंक यांच्या नेतृत्वाखाली १८९९ मध्ये ग्रेट नॉर्दर्न पेपर कंपनीने बांधकाम काढले. १९०० च्या शेवटी वृत्तपत्री कागद निघू लागला आणि मार्च १९०१ मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला. इतक्या झपाट्याने जंगलात गाव उठले म्हणून त्याला ‘मॅजिक सिटी’ म्हणू लागले. त्यात जादू कमी आणि परदेशी मजुरांचे हात जास्त होते. पाया खणायला, दगड रचायला इटालियन आले. त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे ‘लिटल इटली’ म्हणून ओळखली गेली. पोलिश, लिथुआनियन आणि कॅनडातील फ्रेंच भाषक यांचीही घरे इथे झाली.

१९०७ मध्ये जवळच्या ईस्ट मिलिनॉकेटला कंपनीची दुसरी गिरणी सुरू झाली. पुढे कंपनीकडे २० लाख एकरांहून अधिक जंगल, नदीवरील धरणांची साखळी आणि स्वतःची जलविद्युत असे सारे एकवटले. गावचे हॉटेलही कंपनीचेच. गिरणीच्या पाळ्यांवर गावाचे घड्याळ चाले. वाऱ्यावर येणाऱ्या गंधकाच्या वासाची तक्रार फारशी कोणी करत नसे. मेनमधल्या गिरणीगावांत त्याला ‘पैशाचा वास’ म्हणत. शाळा संपली की गिरणीत, हा क्रम मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी पाळला आणि पगार चांगले असल्याने त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. १९७० मध्ये लोकसंख्या ७,७४२ वर गेली. तो गावाचा कळस होता.

ओंडके नदीत सोडून गिरणीपर्यंत आणण्याची पद्धत पश्चिम शाखेवर १९७१ पर्यंत चालली. तिची जागा ‘गोल्डन रोड’ या खासगी रस्त्याने घेतली. मिलिनॉकेटपासून क्वीबेकच्या सीमेपर्यंत सुमारे १५५ किमी. धावणाऱ्या या रस्त्यावर लाकडाच्या अजस्र मालमोटारींना आधी वाट द्यावी लागते.

गिरणीचा शेवट साधारणपणे ‘इंटरनेट आले, वर्तमानपत्रे खपेनाशी झाली’ असा सांगितला जातो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. १९८६ मध्ये पश्चिम शाखेवर आणखी एक धरण बांधण्याचा कंपनीचा प्रस्ताव निसर्गप्रेमी आणि राफ्टिंगवाल्यांच्या विरोधापुढे मागे पडला. १९९० मध्ये जॉर्जिया-पॅसिफिक या बड्या कागद कंपनीने ग्रेट नॉर्दर्न बळकावली आणि वर्षभरात ती बोवॉटर या दुसऱ्या कागद कंपनीकडे गेली. बोवॉटरने नव्वदीच्या दशकात जंगल मोठ्या तुकड्यांनी विकले. त्यानंतरच्या मालकाने धरणेही विकली. स्वतःचे लाकूड आणि स्वतःची वीज हेच ज्या गिरणीचे बळ, तिच्याकडे आता जुनी यंत्रे तेवढी उरली. २००३ मध्ये दिवाळखोरी झाली. २००८ च्या सप्टेंबरमध्ये मिलिनॉकेटची गिरणी बंद पडली, तेव्हा कारण दिले गेले तेलाच्या चढ्या भावाचे! उताराच्या पाण्यासाठी जिची जागा निवडली होती, तिची ही गत झाली. ईस्ट मिलिनॉकेटची गिरणी मध्ये एकदा सुरू होऊन २०१४ मध्ये थांबली.

कटाडिनचा मोठा भाग एके काळी याच कंपनीच्या मालकीचा होता. मेनचे गव्हर्नर असताना पर्सिव्हल बॅक्स्टर यांना तिथे राज्य उद्यान हवे होते. विधिमंडळाने पैसे दिले नाहीत. पद सोडल्यावर १९३० मध्ये त्यांनी स्वतःच्या २५,००० डॉलरमध्ये शिखरासह सुमारे ६,००० एकर कंपनीकडून विकत घेऊन राज्याला दिले आणि पुढची तीस वर्षे त्यात भर घालत दोन लाख एकरांपर्यंत नेले. सुमारे ३,५०० किमी.ची अ‍ॅपलाचियन पायवाट याच शिखरावर संपते. तिचे थकलेले पदयात्री गावात अंघोळ करायला आणि पोटभर जेवायला उतरतात.

आता गावाची भिस्त बऱ्याच अंशी या पर्वतावर आहे. पण हा बदल सुखासुखी झाला नाही. बर्ट्स बीज या कंपनीच्या सहसंस्थापक रॉक्सॅन क्विम्बी यांनी घेतलेली सुमारे ८७,५०० एकर जमीन राष्ट्रीय स्मारक (केंद्र सरकारचे संरक्षित क्षेत्र) करण्याला परिसरात कडवा विरोध झाला. २०१५ मध्ये ईस्ट मिलिनॉकेट आणि मेडवे या शेजारच्या गावांनी मतदानातून तो नोंदवला. शिकार, स्नोमोबाइल आणि लाकूडतोड यांवर बंधने येतील ही धास्ती होतीच. शिवाय उद्यानातली हंगामी नोकरी म्हणजे गिरणीचा पगार नव्हे, हा मुद्दा होता आणि तो चुकीचा नव्हता. तरीही ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी स्मारकाची घोषणा केली.

२०१५ पासून डिसेंबरमध्ये इथे मॅरेथॉन होते. तिला प्रवेशशुल्क नाही; वाचलेले पैसे गावातल्या दुकानांत आणि खाणावळींत खर्च करा, एवढीच धावपटूंना विनंती असते. गिरणीची जागा २०१७ मध्ये ‘अवर कटाडिन’ या स्थानिक ना-नफा संस्थेने एका डॉलरला घेतली. सोबत थकलेल्या करांचा बोजाही आला. तिथे पुन्हा उद्योग आणण्याचे तिचे प्रयत्न चालू आहेत.