व्यावसायिक संपर्कजाळे : कोल्हापूरचा फाउंड्री उद्योग

एकाच किंवा परस्परपूरक व्यवसायांतील माणसांमध्ये कामाच्या निमित्ताने जुळलेल्या आणि पुढे कामापलीकडे टिकलेल्या ओळखींच्या गुंफणीस व्यावसायिक संपर्कजाळे म्हणतात. या ओळखींतून ऑर्डरी, कारागीर, उधारी आणि तांत्रिक माहिती यांची देवघेव होते. ती पुरेशी दाट झाली की गावाचे अर्थकारणच तिच्यावर उभे राहते. कोल्हापूरचा फाउंड्री उद्योग, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याचा उद्योग, हे महाराष्ट्रातील त्याचे ठळक उदाहरण आहे.

उसाचे चरक, पाण्याचे पंप आणि ऑइल इंजिने यांच्या दुरुस्तीतून या भागात यंत्रकाम रुजले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवल्यानंतर आसपासच्या तरुणांना यंत्रशाळेचे शिक्षण जवळच मिळू लागले. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील मिस्त्रींच्या शेडमध्ये इंजिनांचे भाग घडू लागले. शेतात विजेचे पंप आल्यावर ऑइल इंजिनांची मागणी घटली, तरी उद्योग मोडला नाही. हेच हात मोटारी आणि ट्रॅक्टर यांच्या कास्टिंगकडे (ओतीव भागांकडे) वळले. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहती या वळणानेच भरल्या.

येथे एखादे कास्टिंग बहुधा एका छपराखाली पूर्ण होत नाही. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) एकाकडे बनतो, वाळूच्या साच्यात वितळलेल्या धातूचा रस दुसरा ओततो, फेटलिंग (ओतीव भागावरचा जादा धातू काढून तो साफ करणे) तिसरा करतो आणि मशिनिंग चौथ्याच्या शेडमध्ये होते. भट्टी बंद पडली, तर दिलेली तारीख पाळण्यासाठी शेजारच्या फाउंड्रीतून रस ओतून घ्यावा लागतो, आणि तो शेजारी बहुतेकदा त्याच गिऱ्हाइकासाठी झटणारा स्पर्धक असतो. हा व्यवहार लेखी करारापेक्षा शब्दावर चालतो. शब्द फिरवणाऱ्याची बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीत पोहोचते, आणि हीच खरी जामीनकी ठरते. कारखान्यातून बाहेर पडून स्वतःचे लेथ टाकणाऱ्या कामगाराला पहिले जॉबवर्क अनेकदा जुना मालकच देतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले की नवी माहिती जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखींतून अधिक येते; पुण्याच्या वाहन कारखान्यांतील खरेदी विभागाशी असलेली तोंडओळख कोल्हापुरात नेमके हेच काम करते.

ओळखींना संघटनेचे रूप आल्यावर त्यांची ताकद वाढते. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची ‘स्मॅक’ आणि गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’ या संस्था वीजदर, रस्ते आणि प्रशिक्षण यांसाठी उद्योजकांच्या वतीने बोलतात. वापरलेल्या वाळूचे ढीग हा साऱ्या फाउंड्रींचा जुना प्रश्न होता. तिच्यावर प्रक्रिया करून ती पुन्हा वापरण्याचा प्रकल्प एकट्या लहान कारखान्याला परवडत नाही, म्हणून तो क्लस्टरच्या (उद्योगसमूहाच्या) माध्यमातून सामाईक उभारण्यात आला. पंचगंगेच्या खोऱ्यातील गावांच्या दृष्टीने या सहकार्याचे मोल मोठे आहे.

या जाळ्याचा लाभ मात्र सर्वांना सारखा मिळत नाही. ऑर्डर आणि उधारी नातेवाईक, भावकी व जुने मित्र यांच्यातच फिरत राहिल्यास चांगल्या कारागिरालाही दार बंद राहते. कारखानदारांच्या बैठकांत स्त्रिया कमी दिसतात. मोल्डिंग (साचे भरणे) आणि फेटलिंगची अंगमेहनतीची कामे उत्तर व पूर्व भारतातून आलेले अनेक कामगार करतात. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांचे कौशल्य असते, पण जामीन राहील असा स्थानिक माणूस नसल्याने स्वतःची शेड टाकणे त्यांना क्वचितच जमते.