फुलणारे छोटे निवडुंग : कोकण किनाऱ्यावरील घरगुती जोपासना

कॅक्टेसी कुलातल्या, वितीच्या आत राहणाऱ्या आणि कुंडीतच फुलावर येणाऱ्या निवडुंगांची घरात केलेली जोपासना. देशावरच्या कोरड्या हवेत निवडुंगाला पाणी कधी द्यायचे एवढे कळले तरी भागते. किनाऱ्यावर मात्र चार महिने पाणी त्याच्यापासून लांब कसे ठेवायचे, हा खरा प्रश्न असतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. मग मेक्सिकोच्या पठारावरून आलेल्या झाडाची काय कथा? तरीही अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत पडव्यांमधून आणि फ्लॅटच्या खिडक्यांमधून ही झाडे दिसतात, आणि नीट निवडलेली असली तर फुलतातही.

निवडुंग कोणता आणि कोणता नव्हे

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द सैल वापरला जातो. गडग्याच्या कडेने लावलेला त्रिधारी निवडुंग किंवा शेर हे या कुलातले नव्हेतच. ती युफोर्बिया वंशाची, म्हणजे एरंडाच्या कुलातली झाडे. त्यांना नख लावले की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. पण ओळख पटवताना चिकावर फार विसंबू नये, कारण काही अस्सल निवडुंगांनाही दुधट चीक असतो. खात्रीची खूण काट्याच्या बुडाशी सापडते. निवडुंगाचा काटा सालीतून थेट निघत नाही, लोकरीच्या बारीक गादीतून निघतो. मोहरीएवढी ही गादी भिंगाखाली छान दिसते. गादी नसेल तर विक्रेता काहीही म्हणो, ते झाड निवडुंग नाही.

या कुलात दीड हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. अपवाद एकच, रिप्सॅलिस बॅक्सिफेरा. झाडांवर दोऱ्यांसारखा लोंबणारा हा बिनकाट्याचा निवडुंग आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही आपोआप उगवलेला सापडतो. आपल्याकडे माळरानावर दिसणारा फड्या निवडुंग अगदी गावचा वाटला तरी परकाच. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून लाल रंग काढावा, म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात किडे आणि फड्या निवडुंग हिंदुस्थानात आणले गेले. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही. निवडुंग मात्र रानोमाळ पसरला आणि पुढे त्याला आवर घालायला त्याच जातकुळीचे किडे कामी आले.

हवा, पाऊस आणि जागा

निवडुंग रात्री श्वास घेतो असे म्हणतात, ते बऱ्याच अंशी खरे आहे. त्याची रंध्रे दिवसा मिटलेली असतात. रात्री ती उघडतात, कर्बवायू आत येतो, आम्लाच्या रूपात साठतो आणि सकाळी उजेड मिळाला की त्याची साखर होते. दिवसाच्या उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. रात्री थंड असल्या तर हे चक्र नीट चालते. किनाऱ्यावर मे महिन्यात रात्रीही पारा पंचविशीच्या खाली क्वचितच उतरतो. झाड जवळजवळ थांबून जाते. त्यामुळे थंड देशांतल्या पुस्तकांत दिलेले ‘उन्हाळ्यात भरपूर पाणी, हिवाळ्यात बंद’ हे वेळापत्रक इथे जसेच्या तसे लावले की झाड जाते. कोकणातला वाढीचा हंगाम साधारण दिवाळी ते होळी. तेव्हा माती पूर्ण वाळल्यावर, म्हणजे आठ-दहा दिवसांनी, कुंडीच्या भोकातून वाहून जाईल इतके पाणी द्यावे. एप्रिल-मेमध्ये हात आखडता घ्यावा आणि जे द्यायचे ते संध्याकाळी. मिरग लागला की पाणी बंद. श्रावणात उघडीप पडली आणि झाड फारच सुरकुतले, तर चहाच्या कपातून दोन घोट, तेही कडेने.

या उपासाचा एक फायदाही आहे. कळी धरायला बहुतेक निवडुंगांना विश्रांती लागते. थंड प्रदेशात ती थंडीने मिळते, इथे कोरडे ठेवून द्यावी लागते. अडचण एवढीच की पावसाळ्यात ऊनही नसते. कोरडे ठेवलेले पण अंधारात ठेवलेले झाड शेंड्याशी निमुळते आणि फिकट होत जाते. ते एकदा निमुळते झाले की तो आकार कायमचा राहतो.

जागा म्हणाल तर पूर्वेची किंवा दक्षिणेची पडवी उत्तम. पश्चिमेकडून झड येते. ती वाऱ्याबरोबर पडवीत तीन-चार हात आत शिरते आणि समुद्राजवळच्या घरांत सोबत खारही आणते. कुंड्या पागोळ्यांपासून लांब, भिंतीलगत, जमिनीऐवजी फळीवर ठेवाव्यात, म्हणजे खालूनही वारा खेळतो. कौलांत एखादे काचेचे कौल असेल तर त्याच्याखालची जागा हेरून ठेवावी. पावसाळ्यात घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथेच पडतो. फ्लॅटमध्ये बंद काचेच्या खिडकीपेक्षा जाळीची उघडी खिडकी बरी. वारा थांबला की बुरशी आलीच.

पाऊस गेल्यावर एक चूक हमखास होते. चार महिने मळभात राहिलेले झाड, बिचाऱ्याला ऊन मिळू दे म्हणून ऑक्टोबर हीटमध्ये थेट खळ्यात ठेवले जाते. दोन दिवसांत सूर्याकडच्या बाजूला पांढरट चट्टा पडतो, मग तो खाकी होतो आणि जन्मभर राहतो. आधी सकाळचे तासभर ऊन आणि पुढे दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावे.

माती

बाजारात ‘कॅक्टस मिक्स’ म्हणून मिळणाऱ्या पिशवीत बहुतेक कोकोपीटच असते. ते पाणी धरून ठेवते. कोकणात नेमके तेच नको. त्यापेक्षा कोकणाच्या पायाखाली उत्तम माल पडलेला आहे : जांभा. चिरेखाणीवर किंवा घरबांधणीच्या जागी चिरा तासल्यावर जो चुरा पडतो, तो दोनदा चाळावा. तांदळापेक्षा मोठे आणि हरभऱ्यापेक्षा लहान तेवढे खडे ठेवावेत. तांबडी भुकटी अजिबात घेऊ नये, ती भिजून वाळली की सिमेंटसारखी बसते. अर्ध्याहून जास्त हे खडे, थोडा लाकडी कोळशाचा चुरा आणि उरलेले जुने, पूर्ण कुजलेले पानांचे खत, एवढ्यावर काम भागते. जांभा किंचित आम्लधर्मी असतो आणि निवडुंगांना तसेच रुचते.

पुळणीची वाळू फुकट मिळते म्हणून मोह होतो. धुऊन तिच्यातले मीठ निघेल, पण शिंपल्यांचा चुरा तसाच राहतो आणि त्यातला चुना माती अल्कधर्मी करतो. खाडीच्या रेतीचेही तेच. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते. अशा ठिकाणी पावसाचे पाणी बाटल्यांत साठवून ठेवणे सोपे.

कुंडी मातीची आणि लहान असावी, झाडाच्या रुंदीपेक्षा फार तर बोटभर मोठी. करवंटीला भोक पाडून तिच्यात पिल्ले लावतात. ती दिसते छान, पण दोनेक पावसाळ्यांत कुजते आणि त्याआधी तिच्यात मुंग्या होतात.

कोणते लावावेत

निवड करताना झाडाचे मूळ गाव विचारावे. सुक्या थंड डोंगरावरचे झाड किनाऱ्यावर रडत जगते. बेटांवरचे आणि समुद्रकाठचे मात्र इथे रुळते.

मॅमिलारिया हा छोट्या निवडुंगांचा सर्वांत मोठा गोतावळा, मुख्यतः मेक्सिकोतला. फुले बारीक, पण डोक्याभोवती मुंडावळ्यांसारखी गोल ओळीने येतात. त्यातली मॅमिलारिया प्रोलिफेरा ही जात क्यूबा-हिस्पॅनियोला बेटांवरही वाढते आणि दमट हवेला फारशी भीत नाही. तिची फिकट पिवळी फुले नजरेत भरत नाहीत, पण मागाहून येणारी लालभडक, मिरचीच्या आकाराची फळे महिनोन्‌महिने टिकतात. पिल्ले तर इतकी होतात की शेजारीपाजारी वाटून संपत नाहीत. पिसांसारख्या पांढऱ्या काट्यांची मॅमिलारिया प्लुमोसा मात्र कोकणात घेऊ नये. ती पिसे ओल धरतात आणि भाद्रपदापर्यंत काळी पडतात.

दक्षिण अमेरिकेतला जिम्नोकॅलिशियम हा नवख्यांसाठी सगळ्यात भरवशाचा. मूळ गावीही तो गवता-झुडपांच्या सावलीत वाढतो, म्हणून त्याला पडवीतला उजेड पुरतो. कळीवर काटे किंवा केस नसतात, गुळगुळीत खवले असतात. नावाचा ग्रीक अर्थही ‘उघडी कळी’ असाच. तीन इंची कुंडीतले झाड स्वतःएवढे मोठे फूल देते आणि ते काही दिवस उघडमीट करत राहते.

मेलोकॅक्टसला इथे मिळायला हवे तेवढे लक्ष मिळत नाही. कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्ये त्याच्या काही जाती समुद्राच्या वाऱ्यावर वाढतात. तिथल्या टर्क्स बेटांचे नावच त्याच्या लाल टोपीवरून पडले असे सांगतात. थंडी त्याला सोसत नाही, आणि कोकणात ती नसतेच. काही वर्षे तो साध्या हिरव्या गोळ्यासारखा दिसतो. वयात आला की त्याची वाढ थांबते आणि डोक्यावर लोकर व लाल केसांची टोपी चढू लागते. पुढची सगळी फुले या टोपीतूनच दुपारी डोकावतात, त्यामागून गुलाबी फळे वर सरकतात. टोपी भिजू देऊ नये.

रेबुशियाच्या नादी लागू नये. अँडीजच्या उंचीवरचे हे झाड कडक थंडीशिवाय कळी धरत नाही. ख्रिसमस कॅक्टस म्हणजे श्लुम्बर्गेरा हा ब्राझीलच्या किनारी डोंगरांतल्या ओल्या जंगलातला, त्यामुळे कोकणची हवा त्याला मानवते. पण कळीसाठी त्याला लांब आणि थंड रात्री लागतात. सावंतवाडीकडे आत, घाटाच्या पायथ्याशी, तो बरा फुलतो. ऐन किनाऱ्यावर कळ्या धरतो आणि गाळतो.

जत्रेत आणि आठवडी बाजारात सर्वांत जास्त खपतो तो हिरव्या दांड्यावरचा लाल किंवा पिवळा गोळा. हा रंग फुलाचा नव्हे. हरितद्रव्य नसलेल्या जिम्नोकॅलिशियमचे ते कलम असते आणि खालचा तिधारी दांडा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचा. गोळ्याला स्वतःचे अन्न करता येत नाही, दांड्याच्या जिवावर तो दोन-चार वर्षे काढतो. दुसरी फसवणूक याहून सरळ असते : साध्या निवडुंगाच्या डोक्यावर सुकवलेले फूल गोंदाने चिकटवायचे. प्रस्तुत लेखकाने असेच एक झाड घेऊन, फूल पंधरा दिवस कोमेजले नाही याचे घरभर कौतुक सांगितले होते. फूल हलके ओढून पाहावे. चिकटवलेले असेल तर गोंदासकट, आणि कधी शेंड्याच्या सालीसकट, हातात येते.

ब्रह्मकमळ

‘ह्या काट्याचा झाड घरात कित्याक हाडलंस?’ हे वाक्य सिंधुदुर्गात निवडुंग घरी आणणाऱ्या बहुतेक सुनांनी ऐकलेले असते. वास्तुशास्त्राचा हवाला देऊन काटेरी झाडे उंबऱ्याबाहेर ठेवली जातात. गंमत अशी की त्याच घराच्या खळ्यात, तुळशीच्या जवळ, ब्रह्मकमळ लावलेले असते आणि ते शुद्ध निवडुंग आहे.

खरे ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा, हिमालयातले, उत्तराखंडचे राज्यपुष्प. महाराष्ट्रात त्या नावाने वाढते ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मूळचे मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या जंगलातले, झाडांच्या बेचक्यांत राहणारे. त्याची ‘पाने’ ही चपटी झालेली खोडे आहेत. कडेच्या खाचांमध्ये पाहिले तर गादीची खूण तिथेही सापडते, फक्त काटे नाहीत. हे झाड सहसा कोणी विकत घेत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात पानाचा तुकडा जातो आणि मातीत खोचला की लागतो. आकाराने ते ‘छोटे’ राहत नाही, हे खरे. पण कोकणातल्या निवडुंगांबद्दल लिहिताना ते वगळणे लबाडीचे होईल, कारण वाळवंटी भाईबंद ज्या पावसात कुजतात, त्याच पावसात ते फुलते.

कळी आधी खाली लोंबते. फुलायच्या दोन-तीन दिवस आधी तिचा देठ हुकासारखा वळून तोंड वर करतो, आणि घरातल्या बायका दिवस मोजू लागतात. त्या रात्री आठ-नऊच्या सुमारास पाकळ्या हलायला लागतात. टक लावून बसले तर त्यांची हालचाल डोळ्यांना दिसते. मध्यरात्रीपर्यंत वीतभर पांढरे फूल पूर्ण उघडते, सगळी पडवी दरवळते. शेजारी येतात, कोणी हळदकुंकू वाहते, कोणी निरांजन ओवाळते, हल्ली फोनचे फ्लॅशही उडतात. मूळ रानात हा सगळा थाट पतंगांसाठी असतो. पहाटे फूल मान टाकते.

रोग आणि किडी

कूज बुडापासून चढते. झाड वरून टवटवीत दिसते आणि बोटाने हलवले तर डुलते. तसे झाले की ताबडतोब उपटावे आणि धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने तळापासून चकत्या काढत वर यावे. प्रत्येक चकतीच्या मध्यावर एक कडे असते. त्यात तांबूस ठिपका दिसतो आहे तोवर कापत राहायचे आणि दर वेळी सुरी पुसायची. कडे स्वच्छ हिरवट-पांढरे आले की थांबावे. उरलेला तुकडा रद्दी कागदावर सावलीत आठ-पंधरा दिवस सुकवावा, पावसाळ्यात पंख्याखाली, आणि मग कोरड्या खड्यांवर नुसता टेकवून ठेवावा. मुळे फुटायला तीन आठवडे ते दोन महिने लागतात. तोवर पाणी नाही.

पिठ्या ढेकूण काट्यांच्या बेचक्यात कापसासारखे दिसतात. मुंग्यांची रांग कुंडीकडे लागली असेल तर ते आहेतच असे समजावे. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपावेत. मुळांवरही त्यांची एक जात असते. वाढ विनाकारण थांबली तर झाड काढून मुळे पाहावीत. पावसाळ्यात गोगलगायी रात्रीतून कळ्या खाऊन जातात. त्यांच्यासाठी कुंडीभोवती मीठ टाकण्याची सवय गावात आहे, पण ते मीठ पहिल्या शिडकाव्यासरशी मातीत उतरते. टॉर्च घेऊन हाताने वेचलेल्या बऱ्या.