एक गेम, तीन फायली: गेम डाउनलोडच्या बांधणीमागची गोष्ट

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गणेशोत्सवासाठी यंदा मुलांनी एक छोटा गेम केला. मांडवीपासून सुरसागरपर्यंत पालखी न्यायची आणि वाटेत सायकली, गाई, पाणीपुरीच्या गाड्या चुकवायच्या. मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि तासाभरात विचारणा सुरू झाली: गेम एकच आहे, मग फायली तीन कशाला? शेजारच्या काकांनी तर सरळच विचारलं, "आमांथी मारी कई?" म्हणजे यातली माझी कोणती? काकांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बरंच जुनं आहे.

विंडोज, लिनक्स आणि मॅक या संगणक चालवणाऱ्या तीन सिस्टीम, आणि तिघांची प्रोग्राम ओळखण्याची रीतच वेगळी. विंडोजच्या कुठल्याही प्रोग्रामची फाइल उघडून पाहिली, तर पहिली दोन अक्षरं एम आणि झेड दिसतात. विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टीमवर काम केलेल्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. लिनक्सच्या प्रोग्रामच्या सुरुवातीला ईएलएफ अशी खूण असते, मॅकची आणखी तिसरीच. संगणकातली चिप तीच असली, तरी एकाची फाइल दुसऱ्याला प्रोग्राम म्हणून कळत नाही. म्हणून चालणारा भाग तिघांसाठी वेगवेगळा बनवावाच लागतो.

त्यावर बांधणीचा, म्हणजे अनेक फायली एका फायलीत गुंडाळण्याचा प्रश्न. लिनक्स जिच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्स या जुन्या सिस्टीमकडे त्यासाठी १९७९ पासून टार (टेप आर्काइव्ह) आहे. नावातच टेप आहे, कारण फायली एकत्र करून चुंबकीय टेपवर ठेवण्यासाठी ते केलं होतं. एका मशीनवर अनेक माणसं काम करत, त्यामुळे कोणती फाइल कोणी वाचायची, कोणी चालवायची ही परवानगीही टारमध्ये सोबत जाते. झिप आलं १९८९ मध्ये, फिल कॅट्झ यांच्याकडून, डॉसच्या जगात. तिथे एक संगणक म्हणजे एक मालक, परवानग्यांचा विचारच नव्हता. झिपमध्ये त्यांची सोय नंतर झाली, पण विंडोजवर बांधलेल्या झिपमध्ये ती माहिती बहुधा नसतेच.

आमचा पहिला घोळ इथेच झाला. माझ्या भाच्याने लिनक्सची फाइल विंडोजवर बसून झिप केली. मामांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्यांनी डाउनलोड केलं, झिप सोडवली, डबल क्लिक केलं, आणि काहीच झालं नाही. एररसुद्धा नाही. प्रोग्राम जागेवर होता, फक्त 'ही फाइल चालवता येते' ही खूण वाटेत गळाली होती. चूक आमची होती. तीच फाइल टारमध्ये बांधून दिली आणि मामांची पालखी निघाली.

गेमच्या बांधणीला शहाणं वळण दिलं ते 'डूम' या गोळीबाराच्या गेमने, असं मला वाटतं. १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्याचा पहिला भाग फुकट ठेवला गेला. आयडी सॉफ्टवेअरने त्यात गेम चालवणारा प्रोग्राम वेगळा ठेवला आणि चित्रं, आवाज, नकाशे वॅड नावाच्या वेगळ्या फायलीत घातले. त्यामुळे १९९४ मध्ये डेव्ह टेलर यांनी डूम लिनक्सवर नेला तेव्हा नकाशे पुन्हा काढावे लागले नाहीत. वॅड तीच, चालवणारा नवा. १९९७ मध्ये प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, खुला झाला आणि लोकांनी तो कुठे कुठे नेला याची गणतीच नाही. आज बहुतेक गेम इंजिनं हाच कित्ता गिरवतात.

लिनक्ससाठी गेम बांधून विकण्याचा धंदा लोकी सॉफ्टवेअरने १९९८ मध्ये मांडला. जानेवारी २००२ मध्ये दुकान बंद झालं, पण त्या मंडळींचं काम टिकलं. तिथले प्रमुख प्रोग्रामर सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी, म्हणजे गेममध्ये वापरायचा तयार कोड, पडदा, आवाज आणि कीबोर्ड तिन्ही सिस्टीमवर एकाच पद्धतीने हाताळते, आणि आजही असंख्य गेम तिच्यावर उभे आहेत. इतक्या थोड्या वर्षांत एवढं मागे ठेवून गेलेल्या कंपन्या फार नाहीत.

मॅकवर गेम एक फाइल दिसतो, पण खरं तर ते एक फोल्डर असतं. ही रीत नेक्स्टस्टेप या जुन्या सिस्टीममधून आली. त्रास आहे तो चिप बदलण्याचा: २००६ मध्ये पॉवरपीसी चिपकडून इंटेलकडे, २०२० मध्ये इंटेलकडून अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपकडे. मधे २०१९ च्या कॅटलिना या मॅकच्या आवृत्तीने जुन्या धाटणीचे ३२-बिट प्रोग्राम बंद केले आणि कितीतरी जुने गेम उघडेनासे झाले. ज्यांचे निर्माते आता हयात नाहीत किंवा दुसऱ्या कामाला लागलेत, ते गेम पुन्हा कोण बांधणार? मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मे २०१० मध्ये हंबल इंडी बंडल नावाने छोट्या निर्मात्यांच्या गेमचा पहिला संच विकला गेला; त्यातले गेम तिन्ही सिस्टीमसाठी होते आणि किंमत घेणाऱ्याने ठरवायची होती. लिनक्सवाल्यांनी सरासरी सर्वांत जास्त पैसे दिले. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान २००३ मध्ये सुरू झालं, मॅकवर २०१० मध्ये आणि लिनक्सवर २०१३ मध्ये आलं. तिथे समाईक चित्रं-आवाज एका गठ्ठ्यात आणि सिस्टीमचा भाग वेगळ्या गठ्ठ्यात ठेवता येतो, म्हणजे पुन्हा डूमचाच विचार. २०१८ मध्ये स्टीमचं प्रोटॉन आलं आणि विंडोजचे बरेच गेम लिनक्सवर तसेच चालू लागले. तेव्हापासून 'लिनक्सची फाइल बनवायचीच कशाला?' असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. मामांच्या लॅपटॉपवर ना स्टीम आहे ना प्रोटॉन, आणि चार एमबीच्या गेमसाठी त्यांनी ते बसवावं ही अपेक्षाच चुकीची.

आमचा गेम लव्ह या इंजिनात आहे. तिथे सगळा गेम म्हणजे एक झिपच असते. विंडोजसाठी इंजिनच्या प्रोग्रामच्या शेपटाला ती झिप नुसती चिकटवायची, की गेम तयार. हे कसं जमतं? विंडोज प्रोग्राम पहिल्या पानापासून वाचते, आणि झिपची अनुक्रमणिका असते शेवटच्या पानावर. दोघांना आपापलं टोक मिळतं. मुलांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी तीनदा करून पाहिलं.

शेवटचा घोळ खास मराठी होता. आवाजाच्या एका फायलीचं नाव होतं 'नगाऱ्याचा ठेका'. ती आमच्या ताईच्या जुन्या मॅकवर तयार झाली. मॅकची जुनी फाइल सिस्टीम (फायली साठवण्याची रीत) नावातला ऱ फोडून 'र' अधिक 'नुक्ता' (खालचा टिंब) असा साठवते. कोडमध्ये मात्र ऱ हे एकच अक्षर टाइप केलेलं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण लिनक्स एकेक बाइट ताडून पाहतं, त्यामुळे मामांच्या लॅपटॉपवर पालखी नगाऱ्याविना चालली होती. आता फायलींना आम्ही साधी इंग्रजी नावं दिली आहेत, सगळी लहान अक्षरांत, कारण लहान-मोठ्या अक्षरांतला फरक लिनक्स मानतं आणि विंडोज मानत नाही. गेमच्या पडद्यावर मात्र 'नगाऱ्याचा ठेका' तसाच ठेवला आहे, ऱ सकट.