खिळ्यांनी झाकलेली जमीन : जुन्या आवारातला धातुशोध आणि ‘डिस्क्रिमिनेशन’ची पार्श्वभूमी

जुन्या घराच्या आवारात मेटल डिटेक्टर घेऊन पहिल्यांदा उतरलेला माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. पहिल्या दहा मिनिटांत चार-पाच गंजके खिळे निघतात, मनगट भरून येतं आणि तो डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचा आवाज दाबणारं बटण, वाढवून ठेवतो. यंत्र गप्प होतं. मग तास-दोन तास त्या शांततेत फिरून, जागा आधीच कुणीतरी धुंडाळलेली दिसते असं म्हणत तो घरी जातो. बऱ्याचदा जागा तशीच असते. शांतता तेवढी यंत्राने पुरवलेली असते. हे बटण कोणत्या काळात, कसल्या जमिनीसाठी आणि कोणता कचरा चुकवायला तयार झालं हे पाहिलं, की जुन्या आवारात त्याच्यावर विसंबू का नये ते आपोआप कळतं.

या यंत्राच्या जन्मकथेतही शेजारचं लोखंड आहेच. १८८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर गोळ्या झाडल्या गेल्या. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेल्या संशोधकाने दोन कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या) तोलावर चालणारं उपकरण आणलं. प्रयत्न फसला. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांचा अडथळा होत होता हे नंतर लक्षात आलं, शिवाय डॉक्टरांच्या समजुतीप्रमाणे शोध शरीराच्या उजव्या बाजूला चालला होता आणि गोळी डावीकडे होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात हातात धरून चालवायचे सुरुंगशोधक आले. १९४२ च्या एल अलामीनच्या लढाईत वापरलेलं यंत्र चौदा किलोच्या आत होतं. सुरुंगशोधकाला लोखंड ओळखून टाकून द्यायचं नव्हतं, उलट लोखंडच सापडायला हवं होतं. युद्धानंतर ही यंत्रं जुन्या लष्करी सामानात विकली गेली आणि हौशी लोकांच्या हाती आली, तेव्हा त्यांत धातूधातूंत फरक करण्याची काही सोयच नव्हती.

१९६० च्या दशकात ट्रान्झिस्टरमुळे यंत्र हलकं झालं. तेव्हाची स्वस्त यंत्रं दोन लहरींच्या वारंवारतेतला फरक ऐकवायची, कॉइलखाली धातू आला की गुणगुण बदलायची. त्यांची पोच उथळ होती आणि जमिनीतल्या लोहयुक्त खनिजांपुढे ती हतबल व्हायची. त्यानंतर एक कॉइल प्रक्षेपणाला आणि दुसरी ग्रहणाला अशी रचना रुळली, आणि १९७० च्या दशकात ३० किलोहर्ट्झच्या खालच्या वारंवारतेवर चालणारी यंत्रं आली. आजची बहुतेक नवशिकी यंत्रं याच घराण्यातली आहेत.

इथून पुढचा भाग सावकाश वाचण्यासारखा आहे. कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, उठतात आणि धातू स्वतःचं क्षणिक क्षेत्र परत पाठवतो. हे उत्तर किती मागे पडतं ते धातूवर, जाडीवर आणि आकारावर ठरतं. पातळ चकाकता कागद लवकर उत्तर देतो, जाड चांदी रेंगाळते, आणि लोखंड स्वतःच चुंबकीय असल्यामुळे या उत्तरांच्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं. मागे पडण्याची ही मोजदाद करून नको तो भाग आवाजातून वगळायचा, याला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. मराठीत कुणी याला ‘भेद’ म्हणतं, कुणी ‘गाळणी’. ‘गाळणी’ हा शब्द फसवा आहे. गाळणीत अडकलेली वस्तू बाजूला निघते आणि खालचं स्वच्छ हाती येतं. इथे खिळा होता तिथेच राहतो, त्याचं उत्तरही कॉइलमध्ये येतच राहतं, फक्त आपल्या कानापर्यंत पोचत नाही.

सुरुवातीच्या यंत्रांत जमिनीचा तोल साधणं, म्हणजे मातीतल्या खनिजांचं उत्तर बाजूला ठेवणं, आणि धातूंत भेद करणं एकाच वेळी जमत नसे. एका पद्धतीत खोलवर ऐकू यायचं पण सगळेच धातू वाजायचे, दुसरीत भेद व्हायचा पण खोली जायची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस यावर तोड निघाली. कॉइल सतत हलती ठेवायची. जमिनीचं उत्तर हळू बदलतं, नाण्याचं पटकन येऊन जातं, तेवढ्यावरून दोन्ही वेगळी काढायची. सुरुवातीच्या यंत्रांना तर कॉइल कोयत्यासारखी भराभर फिरवावी लागे. ही युक्ती फार मोठी होती, पण तिने एक दोष कायमचा मागे ठेवला. एका वस्तूच्या उत्तरातून सावरायला यंत्राला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कॉइल पुढे सरकलेली असते. खिळ्याला लागून नाणं असेल तर नाण्याची पाळी येते तेव्हा यंत्र अजून खिळा पचवत असतं.

मग उत्पादकांनी गाळायचं काय ठरवलं? इथेच खरा वादाचा निर्णय आहे. त्या काळात छंदाचं मोठं मैदान म्हणजे बागा, मैदानं आणि समुद्रकिनारे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पेयाच्या डब्यांवर ओढून उपटायची अ‍ॅल्युमिनियमची कडी आली. १९७५ च्या सुमारास डब्यालाच चिकटून राहणारी आली, तोवर हिरवळींत अशा कड्यांचा खच पडला होता. गिऱ्हाइकाला कडी नको होती, म्हणून यंत्रं कडीपर्यंतचं सगळं गप्प करण्याच्या क्षमतेवर विकली जाऊ लागली. १९८० च्या दशकात पडद्यावर वस्तूचा अंदाज सांगणारे काटे आणि आकडे आले, मधलाच पट्टा कापणारी ‘नॉच’ची सोय आली. पण त्या पट्टीवर लोखंड आणि चांदी यांच्या मधल्या जागेत चकाकता कागद, कडी, निकेलमिश्रित नाणी, शिसं आणि सोन्याच्या बहुतेक अंगठ्या शेजारी शेजारी आहेत. कडी गाळली की अंगठीही गेली. बागेत हा सौदा निदान समजण्यासारखा होता. त्याच सवयीने बांधलेली ‘नाणी’, ‘दागिने’ अशी तयार बटणं नवशिक्याच्या हातात देऊन त्याला जुन्या घराच्या आवारात पाठवणं ही मात्र त्याची दिशाभूल आहे, आणि यंत्राच्या माहितीपुस्तिका ती अजूनही करतात.

कारण जुन्या आवारातला कचरा वेगळा असतो. तिथे कड्या थोड्या आणि खिळे भरपूर. लाकडी घर पाडलं किंवा जळालं की खिळे खाली गळतात आणि मातीचा एक थरच त्यांनी भरतो. भर म्हणून पत्र्याचे तुकडे, चुलीतली राख आणि जळका कोळसा. हेच खिळे काळही सांगतात. हाताने घडवलेल्या खिळ्याचं डोकं ठोक्यांनी चेपलेलं असतं आणि चौकोनी दांडा चारही बाजूंनी निमुळता होतो. पत्र्यातून कापलेला खिळा १७९० च्या दशकापासून यंत्रावर बनू लागला, तो फक्त दोन बाजूंनी निमुळता असतो. गोल दांड्याचा तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाला. पहिले दहा-बारा खिळे फेकून न देता रांगेत मांडून पाहिले, तर आवार कुठल्या काळापासून राबतं आहे याचा अंदाज खोदायच्या आधीच येतो.

झाकलं जाणं म्हणजे काय, हे घरच्या घरी पाहता येतं. लाकडी फळीवर मध्यभागी एक नाणं ठेवा आणि त्याच्या भोवती बोटभर अंतरावर तीन-चार गंजके खिळे आडवेतिडवे ठेवा. डिस्क्रिमिनेशन चढवून कॉइल फिरवा, बहुतेक दिशांनी काहीच ऐकू येणार नाही. आता ते शून्यावर आणा. खिळ्यांची घरघर सुरू होईल आणि एखाद्या दिशेने त्या घरघरीत उंच सुराचा एक तुटका ठिपका उमटेल. फळी थोडी फिरवली की तो ठिपका जातो, परत फिरवली की येतो. जुन्या आवारात शिकायचा आवाज तो हाच. कॉइल फिरवण्याचा वेग वाढवून पाहा, ठिपका विरतो. कमी करा, पुन्हा उभा राहतो. ही चाचणी अर्धा तास केली तर माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त शिकवते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणारी यंत्रं आली, आणि पुढे संगणकी प्रक्रियेचा वेग वाढला तसा सावरायचा वेळही कमी झाला. नव्या यंत्रांत सावरण्याचा हा वेग स्वतः ठरवता येतो. खिळ्यांत तो वाढवावा. मोकळ्या शेतात कमी ठेवावा, कारण वेग वाढला की खोली थोडी जाते. तरीही कॉइलचा आकार बदलल्याने जो फरक पडतो तो आकड्यांनी पडत नाही. बरोबर मिळणारी कॉइल साधारण २८ सेंटिमीटरची असते, आणि खिळ्यांच्या थरावर तिच्याखाली एका वेळी चार-पाच लोखंडं असतात. १५ सेंटिमीटरच्या आसपासची छोटी कॉइल एक-दोनच पाहते. खोली घटते, हे खरं. पण खिळ्यांनी झाकलेलं नाणं हाताच्या विताएवढंच खाली असतं आणि मोठ्या कॉइललाही ते दिसत नव्हतंच.

मांडणी अशी करावी. आधी धातू नसलेली वीतभर जागा शोधून तिथे कॉइल जमिनीपासून दोन सेंटिमीटर ते फूटभर वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा तोल, साधावा. डिस्क्रिमिनेशन शून्यावर किंवा अगदी तळाशी, लोखंडाला वेगळा खालचा सूर, आणि सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनक्षमता) यंत्र चिरकायचं थांबेल इतकी कमी. नवशिका सेन्सिटिव्हिटी कमी करायला घाबरतो, पण ती वाढली की खिळे आणखी मोठे ‘दिसतात’ आणि शेजारी आणखी झाकला जातो. पत्र्याची भिंत आणि तारेचं कुंपण यांपासून हातभर लांब राहावं. दोन मीटर बाय दोन मीटरचा चौकोन दोरीने आखून तो आधी एका दिशेने, मग काटकोनात फिरावा आणि प्रत्येक फेरीत मागच्या फेरीची निम्मी रुंदी पुन्हा घ्यावी.

उंच सूर लागला तरी लगेच खुरपं चालवू नये. पायाभोवती नव्वद अंश फिरून तोच सूर येतो का ते पाहावं. नाणं चारी बाजूंनी सारखं वाजतं. लांब खिळा टोकांवर उंच सूर काढून फसवतो आणि आडव्या दिशेने लोखंडावर येतो. बिजागरी, मोठा वायसर, पत्र्याचा सपाट तुकडा यांत भोवरी प्रवाह इतके जोरात फिरतात की लोखंड असूनही आकडा चांदीचा दिसतो; तिथे सुराची जागा प्रत्येक दिशेने सरकत राहते, ती खूण धरावी. चौकोनातले वाजणारे खिळे काढून टाकून तोच चौकोन पुन्हा फिरला, तर आधी नसलेले सूर उगवतात. लोखंड उचलण्यात गेलेला वेळ हा शोधातलाच वेळ आहे. आधी जाव्यात अशा जागा म्हणजे पायऱ्यांच्या दोन्ही बाजू, फाटकाची वाट, मोठ्या झाडाची सावली, कपडे वाळत घालायची जागा. पडक्या भिंतीला लागूनचा पट्टा शेवटी घ्यावा, खिळे सर्वांत दाट तिथेच असतात.

परवानगीचा इतिहासही यंत्राच्या इतिहासाला लागूनच चालतो. १९७० च्या दशकात यंत्रं सुधारली आणि लगेच पुरातत्त्वाच्या अभ्यासकांशी खटके उडाले. १९७९ मध्ये ब्रिटनने संरक्षित स्थळी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढण्याविरुद्ध कायदा झाला. ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्याने ३०० वर्षांपेक्षा जुनी आणि किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू कळवणं बंधनकारक केलं. २०२३ मध्ये धातू मौल्यवान नसला तरी इतिहासाच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाच्या, २०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तूही त्यात आल्या. अभ्यासकांची तक्रार रास्त होती आणि आहे : वस्तू थरातून उपटली की ती कशाच्या वर आणि कशाच्या खाली होती ही माहिती कायमची जाते. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, म्हणून मालकाची लेखी परवानगी, जागा संरक्षित नसल्याची खात्री आणि जमिनीखालच्या वीज-गॅसच्या वाहिन्यांची चौकशी या तीन गोष्टी यंत्र गाडीतून काढायच्या आधीच्या. बंदुकीची गोळी किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता थांबावं आणि पोलिसांना कळवावं.

खोदताना गवत तीन बाजूंनी घोड्याच्या नालासारखं कापावं, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवावी. दहा-बारा सेंटिमीटर खोल माती मुळांसकट उलटली तर गवत पुन्हा धरतं. कडक उन्हाळ्यात ते जळतं, तेव्हा हिरवळ खोदू नये. माती कापडावर काढावी, म्हणजे परत भरताना खड्डा बसत नाही. नाणं तिथेच घासू नये. ओल्या मातीतला एक कण अंगठ्याखाली फिरला तरी नाण्याच्या चेहऱ्यावर कायमचा ओरखडा पडतो. पाण्याच्या डबीत ठेवून न्यावं. वस्तू निघाल्यावर खड्डा आणि काढलेली माती दोन्हीवरून कॉइल पुन्हा फिरवावी, कारण खिळा निघाल्यामुळेच खालचं नाणं आता बोलू शकतं. कधी काहीच नसताना खड्डा मंद घरघरतो. खिळ्याचा गंज आजूबाजूच्या मातीत उतरलेला असतो, माती तांबूस दिसते, चिमटीत घेतली की भुसभुशीत लागते आणि पिनपॉइंटर (खड्ड्यात धरून नेमकी जागा दाखवणारा छोटा शोधक) मात्र गप्प असतो. तिथे आणखी खणून उपयोग नसतो, खड्डा बुजवावा आणि चौकोनातल्या पुढच्या सुराकडे वळावं.