हात पुरेल असं दुकान

वूलवर्थ या स्वस्त वस्तूंच्या दुकानसाखळीच्या लहानपणच्या आठवणी सांगणारा माणूस अमेरिकेतला असो की ब्रिटनमधला, दुकानाचं वर्णन तो बहुधा खालून वर करतो. आधी करकरणारी लाकडी जमीन. मग नाकाला टेकेल एवढी काउंटरची कड, त्यावर काचेच्या पट्ट्यांनी पाडलेले कप्पे. एकात गोट्या, शेजारी केसांच्या पिना, पलीकडे शिट्ट्या, बटणं, खोडरबर. आणि मान अगदी वर केली तर आत उभी असलेली विक्रेती. मुठीत नाणं घट्ट धरून प्रत्येक कप्प्यापाशी थांबायचं, वस्तू उचलायची, उलटसुलट करून परत ठेवायची. विकत घेण्यापेक्षा या उचलण्या-ठेवण्यातच दुपार सरायची.

ही मुभा कोणाला तरी सुचावी लागली होती. आणि सुचली ती मुलांसाठी नव्हे, धंद्यासाठी.

एकोणिसाव्या शतकात बहुतेक दुकानांत माल विक्रेत्याच्या पाठीमागे, फळ्यांवर असे. मागाल ती वस्तू तो काढून दाखवी, किंमत सांगी, मग घासाघीस. चार नाणी घेऊन आलेल्या पोराला तिथे कोण उभं करणार? ठरावीक किंमत ही काही वूलवर्थची शोधबुद्धी नव्हे. मोठ्या शहरांतल्या बड्या दुकानांनी ती आधीच आणली होती. पण ती दुकानं बहुतांशी सुखवस्तू लोकांची.

फ्रँक विनफिल्ड वूलवर्थ हा न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८५२चा. वॉटरटाउनच्या एका दुकानात तो नोकरीला लागला तेव्हा पहिले तीन महिने बिनपगारी राबला. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून माल गळ्यात मारणं त्याला कधीच साधलं नाही. काचेतली मांडणी मात्र तो झकास करी. १८७८मध्ये त्या दुकानात एका टेबलावर किरकोळ आणि पडून राहिलेला माल मांडून ‘कोणतीही वस्तू पाच सेंट’ अशी पाटी लावली, आणि टेबल बघता बघता रिकामं झालं. बोलता न येणाऱ्या विक्रेत्याला याहून मोठं वरदान कोणतं? बोलायचं काम पाटीनं करायचं, पटवायचं काम वस्तूनं. व्हरायटी स्टोअरचा, म्हणजे नाना किरकोळ वस्तूंच्या स्वस्त दुकानांचा, बराचसा वंशवृक्ष या टेबलातून फुटला.

मालकाकडूनच उधारीवर माल घेऊन त्यानं २२ फेब्रुवारी १८७९ रोजी युटिका इथे पाच सेंटांचं दुकान काढलं. ते काही महिन्यांतच बसलं. दुसरं २१ जूनला, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये. पहिल्याच दिवशी गल्ल्यात १२७ डॉलर ६५ सेंट जमले. प्रत्येक वस्तू पाच सेंटांची, म्हणजे एका दिवसात अडीच हजारांहून जास्त वस्तू हातोहात गेल्या. पुढे दहा सेंटांचा माल आला आणि ‘फाइव्ह-अँड-टेन’ हे नाव रूढ झालं. १९१२मध्ये भाऊ, जुना मालक आणि प्रतिस्पर्धी अशा सगळ्यांच्या साखळ्या एक झाल्या तेव्हा दुकानं सहाशेच्या घरात होती. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ७९२ फुटांची वूलवर्थ बिल्डिंग उभी राहिली. तेव्हाची जगातली सर्वांत उंच इमारत, आणि तिचे १ कोटी ३५ लाख डॉलर रोख मोजलेले. सगळी चिल्लर!

इतकं स्वस्त परवडायचं कसं? मधल्या दलालाला वगळून थेट कारखानदाराकडून प्रचंड खरेदी, हे एक उत्तर. नाताळच्या झाडावरचे काचेचे गोळे जर्मनीतल्या लाउशा गावचे कारागीर घरोघरी तोंडानं फुंकून बनवत. ते अमेरिकेतल्या सामान्य घरांत पोचवण्यात वूलवर्थचा मोठा वाटा. दुसरं उत्तर आठवणींत सहसा येत नाही: काउंटरमागच्या मुलीचा पगार. फेब्रुवारी १९३७मध्ये डेट्रॉइटच्या दुकानात शंभराहून अधिक विक्रेत्या मुलींनी काम थांबवून दुकानातच मुक्काम ठोकला आणि आठवड्याभरात पगारवाढ पदरात पाडून घेतली. गोट्या मोजून देणारी ती हसतमुख बाई दिवसभर पायांवर उभी असायची, हे गोट्या मोजून घेणाऱ्याला कुठून कळणार?

ब्रिटनमधलं पहिलं दुकान ५ नोव्हेंबर १९०९ रोजी लिव्हरपूलला उघडलं. तिथे किमतीची मर्यादा तीन आणि सहा पेन्सची. ती पाळण्यासाठी काय काय उचापती केल्या: पातेलं सहा पेन्सला आणि त्याचं झाकण वेगळं, आणखी सहा पेन्सला! लोकांनी त्याला घरच्यासारखं ‘वूलीज’ म्हणायला सुरुवात केली. पुष्कळांना ती कंपनी मूळची अमेरिकन हेही ठाऊक नव्हतं. (ऑस्ट्रेलियातल्या वूलवर्थ्सचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. १९२४मध्ये सिडनीकरांनी नाव मोकळं पाहून उचललं. ते अजून चालू आहे.)

आणि सगळ्या मुलांची आठवण सारखीही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलाला वूलवर्थमध्ये पेन्सिल मिळायची, पण लंच काउंटरच्या, म्हणजे दुकानातल्याच खाण्याच्या काउंटरच्या, फिरत्या स्टुलावर बसता येत नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोमध्ये एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन आणि जोसेफ मॅकनील या चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आधी दुकानात किरकोळ खरेदी केली आणि मग त्या स्टुलांवर बसून कॉफी मागितली. एका काउंटरवर पैसे चालतात, मग दुसऱ्यावर का नाहीत, एवढाच सवाल. जुलैअखेर तो काउंटर सर्वांना खुला झाला. त्या इमारतीत आज नागरी हक्कांचं संग्रहालय आहे.

दुकान गेलं कशानं? पाच-दहाची पाटी तर आधीच उतरली होती: १९३२मध्ये वीस सेंटांचा माल आला, १९३५मध्ये मर्यादाच उठली. खरा घाव १९६२चा. त्या एका वर्षात केमार्ट, वॉलमार्ट आणि टार्गेट या सवलतीच्या दरात विकणाऱ्या मोठ्या साखळ्यांची पहिली दुकानं उघडली. यातलं केमार्ट हे क्रेसगी या जुन्या फाइव्ह-अँड-टेन साखळीचंच अपत्य, आणि वॉलमार्टचा सॅम वॉल्टन धंदा शिकला तो बेन फ्रँकलिन नावाच्या व्हरायटी स्टोअरची फ्रँचायझी चालवून. वूलवर्थनंही त्याच वर्षी तसंच वूलको काढलं, पण अमेरिकेत ते वीस वर्षांत गुंडाळावं लागलं. म्हणजे मारेकरी घरचेच होते. गिऱ्हाइकानं स्वतः माल हाताळावा हीच जुनी युक्ती त्यांनी अख्ख्या दुकानभर पसरली, बाहेर गाड्यांसाठी मैदान ठेवलं आणि हातात ढकलगाडी दिली. ती गाडी आई ढकलते. मुठीत नाणं घेऊन पायी येणाऱ्या पोराचा त्या हिशेबात विचारच नव्हता.

अमेरिकेत उरलेली चारशेवर दुकानं बंद करण्याची घोषणा जुलै १९९७मध्ये झाली. कंपनी मात्र मेली नाही. तिच्याच पोटातल्या बुटांच्या साखळीचं नाव, फूट लॉकर, हेच पुढे तिचं नाव झालं. ब्रिटनमधली ८०७ दुकानं २००८च्या मंदीत कोसळली आणि ६ जानेवारी २००९ रोजी शेवटची कुलपं लागली.

‘पिक अँड मिक्स’ हा वूलीजमधला मुलांचा हक्काचा कोपरा: खुल्या खणांतून आपल्या हातानं गोळ्या पिशवीत भरायच्या, मग वजन. शेवटच्या दुकानांपैकी एकातून भरलेली अशी एक पिशवी त्या वर्षी दानधर्मासाठी ऑनलाइन लिलावात निघाली. ती १४,५०० पौंडांना गेली.