पूर येणं वेगळं, काठ तुटणं वेगळं

कृष्णाकाठी ऊस कुजला तरी "पुरात गेला" म्हणतात आणि बांधासकट पाच गुंठे नदीत उतरले तरी "पुरातच गेले" म्हणतात. पण दोन्हींची वेळ, जागा आणि उपाय वेगवेगळे आहेत.

सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. या आकड्यांवरून पूर कळतो, काठाचं काही कळत नाही. काठ बऱ्याचदा तुटतो तो पाणी उतरताना. भिजून माती जड झालेली असते, बाहेरून तिला रेटून धरणारं पाणी झपाट्यानं खाली जातं, आणि दरडीचा पाया वळणावरच्या धारेनं आधीच कोरलेला असतो. मग वर चीर पडते आणि फड उभाच्या उभा खाली बसतो. गावात तेव्हा पूर ओसरला म्हणून घरं धुणं चाललेलं असतं.

पुराचं पाणी कुठवर येईल ते नकाशावर दाखवणाऱ्या पूररेषेचंही तसंच. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. दोन्ही पाण्याच्या पातळीवरून आखलेल्या. वळणाच्या बाहेरच्या अंगाचं उंच शिवार लाल रेषेबाहेर असूनही तुटू शकतं. समोरचं सखल रान बुडतं, पण त्याला गाळ मिळतो आणि पुढच्या हंगामात तिथं पुन्हा सरी सोडता येते. तुटलेलं रान परत येत नाही; नव्यानं मोजणी होईपर्यंत सातबारावर मात्र क्षेत्र तेवढंच दिसतं. वीस गुंठेवाल्याचे पाच गुंठे आणि पाण्याच्या मोटारीची जागा गेली, तर त्याची शेतीच मोडते. गावच्या पुराच्या बातमीत त्याचं नावही येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नदीतल्या जीवांसाठी हिशेब आणखी वेगळा. थोडी झीज त्यांना हवीच असते: ताज्या उभ्या दरडीत खंड्या आणि वेडा राघू घरटी कोरतात, भिलवडी-औदुंबर पट्ट्यातल्या मगरी काठाच्या मातीतच अंडी घालतात. वाळू उपशानं पात्र खोल झालं, वीटभट्टीसाठी मळी, म्हणजे काठची गाळाची माती, खरवडली, अगदी कडेपर्यंत ऊस लावला, की ही झीज आवरेनाशी होते. उसाची मुळं उंच दरड धरून ठेवत नाहीत. वाळुंज, करंज, उंबर आणि खाली लव्हाळा असा पट्टा राखला तर माती बरीच टिकते. दगडी पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, हे घाट, रस्ता, वस्ती असेल तिथंच करावं; सगळा काठ दगडानं मढवला तर पक्षी आणि मगरी दोघांचीही जागा जाते.

सरकारी निकषांत पिकाच्या नुकसानीची मदत आणि जमीन वाहून गेल्याची मदत ही वेगळी सदरं आहेत. म्हणून पावसाळ्याआधी शेतातल्या एखाद्या पक्क्या खुणेपासून काठापर्यंतचं अंतर मोजून फोटो काढून ठेवा, पाणी उतरल्यावर पुन्हा मोजा, आणि पंचनाम्यात तुटलेलं क्षेत्र पिकापासून वेगळं लिहून घ्या.